जेटीपीचा दुसरा धनी

टाटांची टियागो आपल्या रस्त्यांवर इतकी सर्रास दिसते की तिच्याकडे मान वळवून कोणी पाहत नाही. परंतु त्याच टियागोचे जेटीपी नावाचे जे एक विशेष रूप २०१८ च्या ऑक्टोबरात बाजारात आले आणि प्रदूषणाचे नवे निकष लागू होण्याच्या सुमारास, २०२० साली, अंतर्धान पावले, ते एकदा चालवलेल्या माणसाच्या मनातून सहसा जात नाही. माझ्या मनातून ते गेले नाही, आणि अलीकडे अशी एक सेकंडहँड गाडी मी पुण्यातच विकत घेतली.

टाटा मोटर्स आणि कोइमतूरची जयेम ऑटोमोटिव्ह्ज यांच्या भागीदारीतून ही गाडी निर्माण झाली. साध्या टियागोच्या पेट्रोल एंजिनाची शक्ती ८५ अश्वशक्तीची, जेटीपीत १.२ लिटरचे तीन सिलिंडरांचे टर्बो एंजिन बसवून ती ११४ वर नेली, स्प्रिंगा नव्याने जुळवल्या, टायर रुंद केले, बॉनेटवर हवेसाठी झरोके पाडले, आणि एवढे करून दिल्लीतील शोरूमची आरंभीची किंमत ६ लाख ३९ हजार रुपये ठेवली. सामान्य मिळकतीच्या माणसालाही वाहन चालवण्याचा निर्भेळ आनंद मिळावा, हा त्यामागील उद्देश मला आजही आदरणीय वाटतो.

परंतु टर्बोची गाडी दुसऱ्याच्या हातून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, ती अशी की येथे आपण यंत्राइतकाच आधीच्या मालकाचा स्वभावही विकत घेत असतो. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंनी टर्बोचे एक चक्र फिरते, त्याच्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून एंजिनात लोटते, आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या या दांड्याला आधार असतो तो केवळ ऑइलच्या पातळ थराचा. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. तेव्हापासून धातू सुधारले, ऑइल सुधारले, पण हे अवलंबित्व सुटले नाही. ज्याने ऑइल बदलण्याची मुदत टाळली, थंड एंजिन सुरू होताच ॲक्सिलरेटर दाबला, किंवा घाट भरधाव चढून येताच क्षणभरही न थांबता एंजिन बंद केले, त्याच्या गाडीत बेअरिंगपाशी अडकलेले ऑइल जळून कडक होते, आणि त्याच्या उतावीळपणाचा दंड पुढच्या धन्याला भरावा लागतो.

म्हणून गाडी पाहायला जाण्यापूर्वी ती सुरू करू नये, असे मालकाला आवर्जून सांगावे. थंड एंजिन आपल्यासमोर सुरू होताना निळसर धूर आला, किंवा वेग घेताना सायरनसारखी किंकाळी ऐकू आली, तर किंमत कितीही मोहक असो, नमस्कार करून परतावे. एंजिनाच्या संगणकात फेरफार करून शक्ती वाढवली आहे का, हे स्पष्ट विचारावे. जेटीपी लाल आणि पांढऱ्या अशा दोनच रंगांत, केवळ मॅन्युअल गिअरची निघाली होती. साध्या टियागोवर जेटीपीची चिन्हे डकवलेली गाडी ओळखण्यास एवढी माहितीही पुष्कळदा पुरते. माझ्या गाडीच्या मालकांनी प्रत्येक सर्व्हिसिंगचे बिल तारीखवार लावून ठेवले होते. ती फाईल चाळल्यावर किमतीत घासाघीस करणे मला अनुचित वाटले, आणि मी ती केली नाही.

यानंतर उरते दप्तराचे काम, आणि त्याविषयी आपल्याकडे जी बेफिकिरी आढळते ती मला अक्षम्य वाटते. आरसीवर बँकेच्या तारणाची नोंद असेल, तर बेबाकी दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्यावाचून पैसे देऊ नयेत. चेसिस आणि एंजिनचे क्रमांक दस्तऐवजाशी स्वतः ताडून पाहावेत. थकीत चलनांची खातरजमा करावी. गाडी त्याच राज्यात राहणार असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने चौदा आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतराची वर्दी आरटीओला द्यावयाची असते, आणि विमाही आपल्या नावे करून घेण्यास चौदा दिवसांचीच मुदत आहे. नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेला आहे. म्हणजे नाव बदलण्याची निकड विकणाऱ्याला अधिक असावयास हवी.

जेटीपीचे बंपर, चाके आणि स्प्रिंगा आता सहज मिळत नाहीत. ज्यांच्यापाशी अशी गाडी आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हौसेने काही बदलले, तरी मूळ भाग भंगारात देऊ नका, आणि गाडी विकाल त्या दिवशी ते भाग बिलांच्या फायलीसह नव्या मालकाच्या स्वाधीन करा.