सायकली न्यायच्या नेपाळला. मोटारीने की विमानाने?

दसऱ्याची सुट्टी दोन महिन्यांवर आली की घराघरात बेत शिजू लागतात. पूर्वी हे बेत उटी, कोडाईकनाल, फार झाले तर सिमल्यापर्यंत जायचे. आता मुलांच्या हातात गिअरच्या सायकली आल्या आहेत आणि त्यांना गावातला सपाट रस्ता पुरेनासा झाला आहे. ‘‘या वर्षी परदेशात जाऊ, आणि डोंगरात सायकल चालवू,’’ असा हट्ट मुलांनी धरला तर आईवडिलांनी तो हसण्यावारी न्यावा का? मुळीच नाही. मात्र ‘हो’ म्हणण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. कारण पहिला प्रश्न सायकलीचा नसतोच. तो असतो डोंगराच्या पायथ्याशी पोहोचण्याचा.

म्हैसूरचे उदाहरण घेऊ. या शहराला सायकलीचे वावडे नाही. २०१७ मध्ये इथे ‘ट्रिन ट्रिन’ ही सार्वजनिक सायकल योजना सुरू झाली, ती देशातल्या अशा पहिल्या योजनांपैकी एक. चामुंडी टेकडीचा चढ तर इथल्या हौशी सायकलस्वारांची रोजची तालीमच. समजा, कुक्करहळ्ळी तलावाजवळच्या सरस्वतीपुरममध्ये राहणारे एक मराठी कुटुंब आहे. पती-पत्नी दोघे नोकरी करणारे, मुलगी सतरा वर्षांची, मुलगा चौदाचा. दाराशी मोटार उभी आहे. शाळा-कॉलेजची सुट्टी आणि दोघांची रजा यांचा मेळ बसवून हाती सोळा दिवस येतात. जायचे आहे नेपाळला, पोखऱ्याहून वर मुक्तिनाथपर्यंत, आणि तिथून काली गंडकीच्या खोऱ्यातून सायकलने खाली उतरायचे आहे.

नेपाळच का? भारतीयांना व्हिसा लागत नाही, हिमालय भरपूर आहे आणि आपली मोटार घेऊनही जाता येते. भूतानलाही मोटारीने जाता येते, पण तिथे २०२२ पासून भारतीय पर्यटकांना माणशी दर रात्री बाराशे रुपये शुल्क पडते. चौघांच्या बारा रात्रींचा हिशेब केला तर नेपाळचे पारडे जड होते.

रस्त्याचा हिशेब

म्हैसूरहून बंगळुरू, हैदराबाद, नागपूर, जबलपूर, रीवा, वाराणसी, गोरखपूर आणि मग सुनौलीची सीमा. तिथून बुटवल, पाल्पामार्गे पोखरा. एकूण अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर. रस्ते आता चांगले झाले आहेत. नागपूरच्या पुढे पेंचच्या जंगलात तर खालून वाघांनी जावे आणि वरून मोटारींनी, अशी सोय केली आहे. बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती रस्ता २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पहिला टप्पाही झटपट संपतो. गंमत अशी की, ज्या सायकलींसाठी हा सगळा खटाटोप, त्यांनाच या रस्त्याच्या मुख्य मार्गिकांवर मज्जाव आहे. तिथून त्या मोटारीच्या पाठीवर बसूनच जाणार.

दिवसाला पाचशे किलोमीटर धरले तर जायला पाच दिवस, यायला पाच दिवस. यापेक्षा जास्त वेग धरायचा म्हणजे रात्री गाडी चालवणे आले, आणि मुले मागे झोपलेली असताना तो धोका कोणी पत्करू नये. पती-पत्नी दोघांनाही गाडी चालवता येत असेल तरच हा बेत करावा. एकट्यावर दहा दिवसांचे चक्र टाकले तर डोंगर येण्याआधीच त्याचे खांदे भरून येतील.

खर्च पाहू. गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल शंभर रुपये धरले, तर पाच हजार किलोमीटरला सुमारे तेहतीस हजार रुपये लागतात. त्यात टोल, वाटेतल्या आठ मुक्कामांची भाडी आणि जेवणखाण मिळवा. पण हा पेट्रोल-टोलचा खर्च गाडीचा आहे, माणसांचा नाही. तो एकट्याला फार महाग, दोघांना जड आणि चौघांना स्वस्त पडतो. मोटारीची खरी बाजू ही आहे. शिवाय सायकली आपल्याच, सामान हवे तितके आणि वाटेत थांबायची मोकळीक.

सायकली मागच्या कॅरिअरवर बांधल्या तर नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, हे पाहा. टपावर बांधल्या तर गाडीची उंची वाढली आहे हे हॉटेलच्या कमानीखाली शिरताना आठवले पाहिजे. सीमेवर गाडीसाठी ‘भन्सार’ म्हणजे जकात भरून दिवसांच्या हिशेबाने परवाना घ्यावा लागतो. आर.सी. बुक, लायसन्स, विम्याची मूळ कागदपत्रे जवळ हवीत. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचे अधिकारपत्र हवे. आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी: मोटारीचा नेहमीचा विमा सीमा ओलांडली की आपोआप लागू राहत नाही. जादा हप्ता भरून तो नेपाळपुरता वाढवून घेता येतो. निघण्यापूर्वी तेवढे काम जरूर करा.

विमानाचा हिशेब

म्हैसूरहून बंगळुरूच्या विमानतळावर थेट बस जाते. रात्रीची बस, सकाळचे विमान, दिल्लीला बदल आणि संध्याकाळपर्यंत काठमांडू. दुसऱ्या दिवशी पोखरा. म्हणजे जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. भाडे मात्र माणशी लागते, आणि दसऱ्याच्या सुमारास ते चढलेले असते. चौघांची तिकिटे मोटारीच्या खर्चापेक्षा बरीच जास्त होतील, हे गृहीत धरूनच बसा.

कागदपत्रांत सहसा घोळ होतो तो मुलांच्या. विमानाने नेपाळला जाताना मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड चालत नाही. पंधरा वर्षांखालील मुलांना फोटो असलेले इतर ओळखपत्र, आधारसुद्धा, चालते. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा कॉलेजच्या प्राचार्यांनी ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला लागतो. आपल्या उदाहरणातल्या मुलीकडे पासपोर्ट नसेल तर तिने हा दाखला सुट्टी लागण्याआधीच घेतला पाहिजे. सुट्टीत प्राचार्य कुठे सापडणार?

मधला मार्गही आहे. म्हैसूरहून वाराणसीला थेट रेल्वेगाडी जाते. दोन रात्रींचा प्रवास आहे, पण गाडी कोणालाच चालवावी लागत नाही. सायकली पार्सल कचेरीत नोंदवून ब्रेकव्हॅनमधून नेता येतात. वाराणसीहून सीमा एका दिवसाची. ज्यांची रजा मध्यम आणि खिसाही मध्यम, त्यांनी या गाडीचा विचार करावा.

सायकल न्यावी की भाड्याने घ्यावी?

विमानाने जायचे ठरले की हा प्रश्न पुढे उभा राहतो. डोंगरी सायकल खोक्यासकट वीस किलोच्या घरात जाते, आणि देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा साधारण पंधरा किलो असते. त्यामुळे जादा पैसे पडतात. दोन वेगळ्या कंपन्यांची वेगळी तिकिटे काढली असतील तर दिल्लीला खोकी सोडवून पुन्हा जमा करावी लागतात. चार सायकलींची चार खोकी, दोन मुले आणि हाती थोडा वेळ, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

तरीही न्यायची असेल तर सायकलच्या दुकानातून रिकामे खोके मागून घ्या. चाके, हँडल आणि पेडल काढा. डावे पेडल उलट्या आट्यांचे असते. नेहमीसारखे फिरवले तर ते सुटण्याऐवजी आणखी घट्ट होते. मागचा डिरेलर सोडवून फोममध्ये गुंडाळा, कारण पहिला मार त्यालाच बसतो. बॅटरीवर चालणारी सायकल मात्र विमानात विसरा. १६० वॉट-अवरपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत, आणि अशा सायकलींची बॅटरी सहसा त्याच्या कितीतरी पट मोठी असते. सायकल महागडी, परदेशी बनावटीची असेल तर निघताना कस्टमकडून दाखला घ्यावा, म्हणजे परतताना नवी आणली म्हणून जकातीचा वाद होत नाही.

आमचे मत विचाराल तर कुटुंबाने सायकली पोखऱ्यात भाड्याने घ्याव्यात. तिथे लेकसाइड भागात चांगल्या डोंगरी सायकली मिळतात आणि बिघाड झाला तर दुरुस्तीही होते. ब्रेक दाबून पाहा, टायरच्या नक्षीवर नजर टाका आणि धाकट्याच्या उंचीची फ्रेम आहे की नाही हे आधीच विचारून घ्या. हेल्मेट मात्र प्रत्येकाने घरूनच, आपल्या डोक्याच्या मापाचे न्यावे.

जास्त सुरक्षित काय?

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि मराठी घरांनी तर त्याची किंमत मोजलेली आहे. मे २०२२ मध्ये पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले लहान विमान डोंगरावर आदळून बावीस जण मृत्युमुखी पडले. त्यात ठाण्याहून गेलेले चौघे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. त्यात सत्तावीस जण दगावले. ते जळगाव जिल्ह्यातून आले होते. त्यापुढच्याच महिन्याच्या अखेरीस झालेल्या पावसाने नेपाळात दोनशेहून अधिक बळी घेतले आणि काठमांडूत येणारे रस्ते दरडींनी बंद झाले.

विमान वाईट की रस्ता वाईट, असा निकाल यातून निघत नाही. डोंगरात ढग, पाऊस आणि दरड यांच्यापुढे आपली घाई चालत नाही. घाई असलेला प्रवासी खराब हवेतही ‘निघू या’ म्हणतो, अंधारातही चालकाला ‘चला’ म्हणतो. ज्याच्या हाती दोन दिवस शिल्लक आहेत, तो हॉटेलात पत्ते खेळत बसू शकतो. म्हणून पोखऱ्याच्या वर जीपने, दिवसाउजेडी जावे. आणि दसरा सप्टेंबरअखेर आला असेल तर पावसाचा मागमूस उरला नाही ना, याची खात्री करूनच निघावे.

आणखी एक गोष्ट. आपला दसरा तोच नेपाळचा दशैं. त्या दिवसांत सारा नेपाळ आपापल्या गावी निघतो, बसमध्ये जागा मिळत नाही आणि टिळ्याच्या दिवशी दुकाने बंद असतात. जीप, सायकली, मुक्काम, सगळे आधी ठरवून ठेवा.

डोंगराला द्यायचे दिवस

आता मूळ हिशेबाकडे येऊ. पोखरा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, तातोपानी १२००, मार्फा २६७०, कागबेनी २८०० आणि मुक्तिनाथ ३७०० मीटरच्या आसपास. जीपने एका दमात वर गेलात तर डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ठरलेले. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात.

म्हणून असा क्रम धरा. पहिला मुक्काम तातोपानी, दुसरा मार्फा, तिसरा कागबेनी. चौथा दिवस कागबेनीतच विश्रांतीचा. पाचव्या दिवशी जीपने मुक्तिनाथला जाऊन दर्शन घ्या आणि सायकलने पुन्हा कागबेनीला झोपायला या. सहाव्या दिवशी कालोपानी, सातव्या दिवशी तातोपानी, आठव्या दिवशी जीपने पोखरा. या खोऱ्यात सकाळ सरली की दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो, म्हणजे उतरणाऱ्याच्या अगदी तोंडावर. तेव्हा पहाटे निघून दुपारी चाके थांबवावीत. एकूण उतार अडीच हजार मीटरचा, म्हणजे चामुंडी टेकडी आठ वेळा उतरण्याइतका. वाटेत जीपची ये-जा असते, त्यामुळे मुलांच्या पुढे स्थानिक वाटाड्या आणि मागे आई किंवा वडील हवेतच. नदीच्या पात्रात काळे गोटे दिसतील. आपल्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम याच काली गंडकीतून येतो, हे मुलांना तिथे उभे राहून सांगा.

हे झाले आठ दिवस. सोळा दिवसांतून मोटारीचे दहा वजा केले तर उरतात सहा. म्हणजे दोन कमी पडतात, आणि ते काढणार कुठून? विश्रांतीचा दिवस गाळून नाहीतर रात्री गाडी हाकून. विमानाचे चार वजा केले तर उरतात बारा. आठ डोंगराचे, दोन पोखऱ्याच्या तळ्याकाठी आणि दोन पावसापाण्यासाठी राखीव.

तेव्हा सोळा दिवस असतील तर विमान. तिकिटाचे जादा पैसे हे आरामाचे नव्हेत, त्या राखीव दिवसांचे आहेत. पैसे कमी पडत असतील तर या वर्षी थांबा, रजा साठवा आणि पुढच्या वर्षी रेल्वेने जा. मोटारीची हौस असेल तर हाती किमान वीस-बावीस दिवस आणि गाडी चालवणारे दोघे हवेत. मग वाराणसीला एक दिवस जास्त थांबता येईल, आणि मुलांना म्हैसूरपासून हिमालयापर्यंतचा देश खिडकीतून पाहायला मिळेल.

प्रवासाचा विमा काढताना मात्र तीन गोष्टी विचारायला विसरू नका: डोंगरी सायकलिंग त्यात धरले आहे का, किती उंचीपर्यंत, आणि वेळ आली तर हेलिकॉप्टरचा खर्च कोण देणार. उत्तर लेखी घ्या, आणि त्याची एक प्रत घरी आजी-आजोबांकडे ठेवा.