बायोडाटातला फोटो खरा किती? फोनचा 'ब्युटी मोड', 'गोरी हवी'ची अट आणि पाऱ्याची क्रीम

तुळशीचे लग्न उरकले की बारामती, इंदापूर भागात स्थळे पाहण्याची लगबग सुरू होते. कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरण्याआधीच मुलीचा फोटो आणि बायोडाटा व्हॉट्सॲपवरून अनेक घरांत पोहोचलेला असतो. फोटोतला चेहरा नितळ आणि उजळ असतो. प्रत्यक्षात मुलगी तशी दिसली नाही, की ऐकून घ्यावे लागते तिलाच. हा फरक येतो कुठून?

फोनमध्ये नेमके काय होते?

कॅमेरा आधी चेहरा ओळखतो. डोळे, नाक, ओठ, जबडा यांच्या कडांवर तो बिंदू ठरवतो. मग त्वचेचा भाग वेगळा काढून डाग आणि बारीक रेषा पुसट करतो, रंग उजळवतो. जबड्याचे बिंदू आत सरकवले की चेहरा बारीक दिसतो, डोळ्यांचे बिंदू ताणले की डोळे मोठे दिसतात. पूर्वी हे काम स्टुडिओत संगणकावर हाताने व्हायचे. आता काही फोनमध्ये ही सोय आधीपासूनच सुरू असते. त्यामुळे फोटो बदलला आहे, हे काढणाऱ्यालाही कळत नाही.

गोरेपणाचा आग्रह कुणी वाढवला?

आग्रह जुनाच, पण जाहिरातींनी त्याला खतपाणी घातले. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आली. क्रीम लावून उजळलेल्या मुलीला नोकरी किंवा नवरा मिळतो, अशा जाहिराती अनेक वर्षे चालल्या. टीका वाढल्यावर २०२० मध्ये कंपनीने नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगानुसार स्थळ शोधण्याची सोय काढली. बायोडाटातला 'वर्ण' हा रकाना मात्र अजून गेलेला नाही.

याची किंमत काय?

२०२१ मध्ये फेसबुकचे अंतर्गत संशोधन बाहेर आले. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी त्यात सांगितले होते.

धोका मनापुरताच नाही. २०२३ मध्ये अकोल्यातील एकाच घरातील तीन महिलांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे समोर आले. त्या वापरत असलेल्या उजळपणाच्या क्रीममध्ये पारा आढळला. पारा त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून रंग उजळतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांवर घाव घालतो.

नियम काय सांगतात?

फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलची शरीरयष्टी फोटोत बदलली असेल, तर तसे लिहावे लागते. नॉर्वेने २०२२ पासून त्वचेतील बदलांनाही असा नियम लावला. भारतात जाहिरात क्षेत्राच्या 'ॲस्की' या स्वनियमन संस्थेने २०१४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आणली. सावळ्या व्यक्तीला लग्नात किंवा नोकरीत कमी लेखणारी जाहिरात त्यांत बसत नाही. पण हे सगळे जाहिरातींसाठी आहे. घरून पाठवलेल्या बायोडाटाला यातले काहीच लागू होत नाही.

मग घरात काय करता येईल?

• कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ब्युटी' किंवा 'रिटच' शून्यावर आणा.
• फोटो सकाळच्या उजेडात, सावलीत, चार-पाच फुटांवरून काढा.
• स्टुडिओत रंग आणि चेहऱ्याचा आकार बदलू नका, असे आधीच सांगा.
• उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक नसलेली क्रीम घेऊ नका. 'मर्क्युरी' किंवा 'कॅलोमेल' लिहिले असेल, तर लगेच थांबवा.
• अशी क्रीम वापरताना पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर डॉक्टरांना क्रीम दाखवा.
• मुलाकडच्यांनी अपेक्षांमधून 'गोरी' हा शब्द काढावा, मुलीकडच्यांनी बायोडाटातून 'वर्ण'. या दोन्हींसाठी कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.