सार्कोपेनिया : हबीबगंज परिसरातील ज्येष्ठांना जाहीर आवाहन

सार्कोपेनिया म्हणजे वाढत्या वयात स्नायू झडणे आणि त्यांची ताकद ओसरणे. हे नाव अमेरिकेतील पोषणशास्त्राचे अभ्यासक डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८ मध्ये अल्बुकर्की येथील एका बैठकीत सुचवले. म्हातारपणातला इतका ठळक ऱ्हास दुर्लक्षित का, तर बहुधा त्याला ग्रीक नाव नाही म्हणून, असा त्यांचा मिश्किल तर्क होता. ‘सार्क्स’ म्हणजे मांस, ‘पेनिया’ म्हणजे उणीव. ‘सार्कोमलेशिया’ हा त्यांनी दिलेला दुसरा पर्याय मागे पडला. अमेरिकेच्या रोगसूचीत या विकाराला स्वतंत्र क्रमांक मिळायला मात्र २०१६ उजाडले. भारतात नाव जुनेच आहे. सुश्रुतसंहितेत मांसक्षयाच्या लक्षणांत गाल, मांड्या आणि पोटऱ्या सुकण्याचा उल्लेख येतो, आणि आजही तपासणीत पोटरीचा घेर टेपने मोजतात.

घरोघरी याला ‘वय झालं’ म्हणून सोडून दिले जाते. वजनकाटाही फसवा, कारण स्नायूंची जागा चरबी घेते आणि आकडा तोच राहतो. शाहपुरा तलावाकाठी रोज फिरणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. चालणे हृदयाला चांगले, पण मांड्यांची ताकद टिकवायला तेवढे पुरत नाही.

तरी हबीबगंज (स्थानक २०२१ पासून राणी कमलापती झाले, वस्ती हबीबगंजच आहे), अरेरा कॉलनी व साकेत नगर येथील साठीपुढच्या नागरिकांनी घरच्या घरी एक चाचणी करावी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीशी दुमडून, पाच वेळा उठावे-बसावे; शेजारी कोणी तरी उभे असावे. २०१९ च्या आशियाई निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागल्यास डॉक्टरांकडे जावे. जिना चढताना कठड्याचा आधार लागू लागला, डब्याचे झाकण उघडेनासे झाले, तरी जावे.

उपाय उशिरा सुरू केला तरी लागू पडतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांची पायांची ताकद आठ आठवड्यांच्या वजनी व्यायामाने दुपटीहून अधिक वाढली. असा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा. निरोगी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात; नाश्त्याच्या पोह्यांतून ती गरज भागत नाही, तेव्हा घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, चालत असल्यास अंडी रोजच्या ताटात हवीत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.