ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी बायोसचं विचारा

आज नगरपालिका नाही, रस्ते नाहीत. आज ग्राफिक्स कार्ड.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करून घर चालवणारा तळोद्यातला एक ओळखीचा पोरगा परवा आला. बाहेरगावच्या दुकानातून जुनं आरएक्स ५८० आणलं. विंडोज ड्रायव्हर घेईना, सारखा 'कोड ४३'. सोबतचा मित्र म्हणे, "डाग देऊन व्होल्टेज वाढवू, कार्ड पळेल!"

म्हटलं, भाऊ, थांब.

कार्डाचं व्होल्टेज वाढवायचे दोन रस्ते. एक हार्डवेअरचा : व्होल्टेज कंट्रोलरच्या फीडबॅकला रेझिस्टर जोडून त्याला चकवायचं. पूर्वी पोरं रेझिस्टरवर पेन्सिलच घासायची! दुसरा रस्ता बायोस फ्लॅश करायचा, म्हणजे व्होल्टेज, वेग, पॉवर लिमिट हे कार्डाच्या चिपमध्ये नव्याने लिहायचं. फ्लॅश फसलं तरी मूळ फाइल जपलेली असेल तर माघारी येता येतं. डाग चुकला तर कार्ड भंगारात. एनव्हिडियाच्या १० सिरीजपासून कंपनीची डिजिटल सही नसलेली बायोस सहजासहजी चालत नाही, म्हणून हौशी लोक तिथे सोल्डरिंगकडे वळतात. ज्याचा हात बसलाय त्याने हौस करावी. पण पोटापाण्याच्या मशीनवर? माझं मत साफ नाही असं आहे.

हिशोब बघा. वेग तोच ठेवून व्होल्टेज १.० वरून १.१ केलं तरी चिपची उष्णता साधारण २१ टक्के वाढते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने चढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, लाइटचा भरवसा नाही. इथे व्होल्टेज उलट थोडं कमी करावं, तेही सॉफ्टवेअरमधून. डाग नको, फ्लॅश नको.

आता मूळ दुखणं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. मायनिंगवाल्यांनी मेमरीचं टायमिंग बदललेली बायोस त्यात टाकलेली असते. अशा बायोसला एएमडीचा ड्रायव्हर अडतो. दुकानदार धूळ झटकून 'ओरिजिनल' म्हणून विकतो.

सुदैवाने या कार्डावर दोन बायोसचं बारीक बटण होतं. ते सरकवलं, ड्रायव्हर बसला. पण जीपीयू-झेड उघडलं तर शेडर २०४८! खऱ्या ५८० ला २३०४ असतात. हे २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलेलं '२०४८ एसपी', ताकदीने ५७० च. पोराने पैसे मात्र ५८० चे मोजलेले.

बायोस बदलणं गुन्हा नाही, पण लपवून विकणं ही फसवणूक आहे. जुना माल विकणाऱ्याने बिलावर मॉडेल, बायोस आणि डाग दिलाय का, हे लिहूनच द्यायला हवं. आणि 'धंद्यासाठी घेतलं म्हणजे तू ग्राहक नाहीस' असं कुणी ऐकवलं तर ऐकू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी वापर धरत नाहीत.

पोराकडे बिल नाही. व्हॉट्सॲपवर 'आरएक्स ५८० ओरिजिनल' असा मेसेज आहे आणि यूपीआयची नोंद आहे. दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. उद्या ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन लावतोय. काय होतं ते इथेच कळवतो.