आभाळातली केरसुणी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर वह्या, नाणी, लाह्या-बत्तासे मांडले जातात आणि त्यांच्या शेजारी मानाने बसते हळदकुंकू ल्यालेली नवी केरसुणी. एरवी वर्षभर ती दाराआड असते. पण तिला पाय लागला तर आपल्या घरातली म्हातारी माणसे आजही नमस्कार करतात, कारण ती 'लक्ष्मी'. घाण बाहेर गेल्याशिवाय लक्ष्मी आत येत नाही, हे शहाणपण या एका रिवाजात आहे.

घरातल्या केरसुणीचे हे भाग्य रानातल्या केरसुणीच्या वाट्याला मात्र कधी आले नाही. 'गिधाड' हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो. वारशावर टपलेले नातेवाईक गिधाडे, टाळूवरचे लोणी खाणारे पुढारीही गिधाडे! घरावर गिधाड बसले तर अपशकुन. खरे तर या पक्ष्याने जिवंत प्राण्यावर क्वचितच चोच टाकली असेल. मेलेले तेवढे खायचे आणि आजूबाजूचा मुलूख स्वच्छ ठेवायचा, एवढाच त्याचा धंदा.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना गावाबाहेरची मेलेली ढोरे टाकायची जागा आठवत असेल. आभाळात आधी एक ठिपका दिसे, मग दहा आणि बघता बघता थवा उतरे. तासाभरात बैलाचा नुसता सांगाडा उरे. गिधाडाच्या पोटातले आम्ल इतके जहाल, की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच संपतात. ना विहिरीत घाण झिरपली, ना ओढ्यात. हे काम वर्षानुवर्षे चालले. त्यासाठी ग्रामपंचायतीने कधी ठराव केला नाही की कोणी पगारपत्रक काढले नाही.

1990च्या दशकात हे थवे दिसेनासे झाले. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांना झाडांवर माना टाकून बसलेली आणि झाडांखाली मरून पडलेली गिधाडे दिसू लागली. रोग असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क झाले. उत्तर 2004 साली पाकिस्तानातल्या संशोधनातून मिळाले. कारण होते डायक्लोफिनॅक, म्हणजे आपण दुखऱ्या गुडघ्याला लावतो त्या मलमातलेच औषध. जनावरांसाठी ते स्वस्तात मिळू लागले होते. औषध टोचलेले जनावर लवकरच दगावले, तर त्याच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई. मग मूत्रपिंडे निकामी होत, युरिक आम्ल पांढऱ्या भुकटीसारखे आतड्या-काळजावर साचे आणि काही दिवसांत पक्षी मरे. शंभर मेलेल्या ढोरांपैकी एकात हे औषध असले, तरी थवे संपायला तेवढे पुरते. पांढऱ्या पाठीची गिधाडे 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत हजाराला एक या प्रमाणात उरली.

यातली व्यथा अशी, की कोणी गिधाडांच्या वाईटावर नव्हते. वसुबारसेला जिला ओवाळतो, त्या गायीचे दुखणे बघवेना म्हणून शेतकऱ्याने इंजेक्शन दिले. एका मुक्या जिवावरची माया दुसऱ्याच्या मुळावर आली.

पुढचा हिशेब माणसाला चुकवावा लागला. ढोरे उघड्यावर सडू लागली, भटकी कुत्री वाढली आणि त्यांच्याबरोबर रेबीजची भीतीही. मुंबईत मलबार हिलवरच्या पारशी दोखम्यांत, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्यांत, गिधाडांच्या जागी सूर्यकिरण एकवटणाऱ्या काचा बसवाव्या लागल्या. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. गिधाडे गेल्यामुळे 2000 ते 2005 या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज आहे. केरसुणी मोडली, की घर आजारी पडते ते असे.

स्वच्छ करणाऱ्यालाच अस्वच्छ ठरवायची खोड आपल्याला जुनी आहे. मेलेली ढोरे ओढण्याचे काम गावाने ज्या माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या लादले, त्यांनाच गावाबाहेर ठेवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हाकेनंतर त्यांनी ते नाकारले आणि योग्यच केले. माणसाला नकार देता आला. गिधाडाला तीही सोय नव्हती, ते निमूट मरून गेले.

तरी सगळेच संपलेले नाही. 2006 साली सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. 2023 साली गिधाडांना तसेच घातक असलेले किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाले. हरियाणात पिंजोरच्या केंद्रात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी गिधाडांची पैदास करते. रायगडात फणसाडच्या जंगलात, गडचिरोलीत आणि नाशिकच्या डोंगराळ भागात त्यांच्यासाठी औषधाचा अंश नसलेली मेलेली ढोरे टाकली जातात. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. पंधरा वर्षांत जे गमावले, ते पंधरा वर्षांत परत येणार नाही.

यंदाचा दिवाळी अंक अशा बिनपगारी कामकऱ्यांना वाहिला आहे. कोकणच्या देवरायांत फळे खाऊन दूरवर बिया पेरणारा धनेश, शेणाचे गोळे मातीत गाडणारा शेणकिडा, भातखाचरातला बेडूक, फुलोऱ्यावरची मधमाशी, या सगळ्यांची गाठ पुढच्या पानांत पडेल.  

पण शेवटी पुन्हा गिधाडाकडे येऊ. इगतपुरीजवळ सर्वतीर्थ टाकेद आहे. रामायणात सीतेसाठी लढलेल्या जटायू या गिधाडाने तिथे प्राण सोडला आणि रामाने त्याचे उत्तरकार्य केले, अशी श्रद्धा आहे. जगाची मढी उरकणाऱ्या पक्ष्याचे मढे देवाने उरकले! आपल्याकडे एवढे मोठे मागणे नाही. गोठ्यातल्या जनावराला इंजेक्शन द्यायची वेळ आली, तर डॉक्टरांना 'गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅम चालेल का?' एवढे विचारा. माणसांच्या डायक्लोफिनॅकची बाटली जनावरासाठी आणू नका. बिबट्याच्या किंवा कुत्र्यांच्या रागापोटी मेलेल्या ढोरात विष कालवू नका. आणि यंदा केरसुणीला हळदकुंकू वाहताना एक चिमूट आभाळाच्या दिशेनेही उधळा.



– संपादक