हुंडी गेली, पतीचे काय?

इंग्रजांनी १८८१ साली परक्राम्य संलेख अधिनियम केला, तेव्हा देशी भाषांतील हुंडीच्या स्थानिक प्रथांना हात न लावण्याचे शहाणपण त्यांना पहिल्याच कलमात दाखवावे लागले. दर्शनी हुंडी दाखविताच वटे, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीची रक्कम तर बाजारातील प्रतिष्ठित गृहस्थालाच मिळे. चोरट्याच्या हाती ती निरुपयोगी. सावकारीच्या दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. पण हुंडी नाकारणाऱ्या पेढीची पत जाई, आणि पत गेली की धंदाही.

पुढे बँका आल्या, हुंडी मागे पडली. तिचेच काम आज रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेचे ‘ट्रेड्स’ मंच करतात: लघुउद्योजकाचे बिल बड्या ग्राहकाने मान्य करायचे, वित्तसंस्थेने मुदतीआधी वटवायचे. गरज तीच, कागद तेवढा बदलला. बदलली नाही असे म्हणता येत नाही ती पत. लघुउद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, विलंबास चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. तरीही पैसे थकविणाऱ्या बड्या कंपनीच्या दारात नव्या पुरवठादारांची रांग असतेच. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल, हे लघुउद्योजक जाणतो. म्हणून कायदा हाताशी असूनही तो गप्प बसतो.