कोरियांचे गणित आणि मुंबईची जमीन

मुंबईत पुनर्विकास म्हणजे मनोरा, हे समीकरण शासनाने आणि नागरिकांनीही जणू मान्य करून टाकले आहे. जागा थोडी, माणसे फार. तेव्हा उंच बांधण्यावाचून गत्यंतर नाही, असा हा युक्तिवाद. २०१५ साली निवर्तलेले वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी गरिबांच्या घरांपुरता तो कधीच मानला नाही. ('कांचनजंगा'सारखा श्रीमंतांचा मनोरा त्यांनीच बांधला, हेही खरे.)

१९६५ साली प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. राज्याचा कारभारच पलीकडे न्यावा, म्हणजे रोजगार आणि वस्ती मागोमाग जाईल, हा त्या योजनेचा प्राण. कारभार हलला नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्या उभ्या राहिल्या.

पुढे बेलापूरला त्यांनी आपले गणित विटा-मातीत सिद्ध केले. सुमारे सहा हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबे. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, म्हणजे मोठा-लहान हा भेद फार नाही. सात-आठ घरांमध्ये एक चौक. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. त्यामुळे हाती पैसा येईल तसे घर वाढवावे. आपल्या हवेत अंगण हीसुद्धा एक खोलीच, आणि तिला ना पोलाद लागते, ना लिफ्ट. तेथील अनेक मूळ घरे पाडून आज पक्के इमले उठले आहेत, याची रसिकांना हळहळ वाटते. ती अस्थानी आहे. घर रहिवाशाच्या हाती राहावे, हाच तर हेतू होता.

धारावीला हा नकाशा जसाच्या तसा लागू पडणार नाही, हे उघड आहे. परंतु खरा प्रश्न उंचीचा नसून जमिनीच्या वाटपाचा आहे. गिरण्यांच्या जमिनींबाबत १९९६ साली कोरियांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या नियमानुसार मोकळी जागा, सार्वजनिक घरे आणि मालक असे तीन वाटे व्हावयाचे होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जागेपुरती उरली. शेड उभ्या असलेल्या जमिनी तीतून सुटल्या. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली.

आता बंदराच्या आणि मिठागरांच्या जमिनींची चर्चा आहे. तेथे सार्वजनिक वाटा आधी कागदावर पक्का करावा. चटईक्षेत्राची बोली त्यानंतर लावावी.